बावीस माणसं, एक शहर आणि फक्त प्रेक्षकाला दिसणारे धागे

डोंबिवलीहून रोज सकाळी ठरलेली लोकल पकडणाऱ्या माणसाला डब्यातले बरेच चेहरे पाठ असतात. खिडकीशी डुलकी काढणारे काका, सॅक पोटाशी धरून मुलुंडला उतरणारा मुलगा, ठाणे आलं की हमखास फोनवर जोरात बोलू लागणारे गृहस्थ. नावं मात्र माहीत नसतात आणि वर्षानुवर्षं एका शब्दाचं बोलणंही होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेच्या प्रवाशांमध्ये नेमकं हेच तपासलं. फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्यांचे फोटो काढून त्यांनी ते त्याच प्रवाशांना दाखवले. कधीही न बोललेले असे सरासरी चार चेहरे प्रत्येकाला ओळखता आले. मिलग्रॅम यांनी या माणसांना ‘ओळखीचे अनोळखी’ म्हटलं.

या अनोळखी माणसांपैकी एखाद्याने आज सकाळी घेतलेला निर्णय आपली संध्याकाळ बदलून टाकत असेल, तर ते आपल्याला कळणार कसं? बहुतेक वेळा कळतच नाही. सिनेमाचा एक संपूर्ण प्रकार याच न कळण्यावर उभा आहे. एका शहरात आठ-दहा कथा समांतर चालतात, त्यातली माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, तरी एकाच्या कृतीचा धक्का दुसऱ्याला बसतो. प्रेत, अपघात, खंडणी असे विषय असूनही प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता अस्वस्थ होतो.

असा सिनेमा पाहून बाहेर पडल्यावर तीन प्रश्न पडतात. इतकी माणसं लक्षात राहिली कशी? एरवी एक योगायोग खटकतो, इथे डझनभर कसे पचले? आणि मरणाच्या प्रसंगात हसू का आलं? या प्रश्नांची उत्तरं शोधायला रॉबर्ट ऑल्टमन यांचा ‘शॉर्ट कट्स’ (१९९३) हा सिनेमा सर्वांत सोयीचा आहे, कारण त्याचे सांधे नीट पाहिले तर दिसतात.

आठवायची असतात ती घरं

‘शॉर्ट कट्स’ तीन तासांहून थोडा मोठा आहे. मुख्य पात्रं बावीस. गाव लॉस एंजेलिस. बावीस अनोळखी माणसांची यादी कुणी वाचून दाखवली तर दहाव्या नावापर्यंत पहिलं नाव विसरलेलं असतं. माणसाचं तात्पुरतं स्मरण एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवतं. पण गोष्टींचे गठ्ठे बांधले की प्रत्येक गठ्ठा ‘एक’ म्हणून मोजला जातो. मोबाइलचे दहा आकडे आपण तुकडे पाडून पाठ करतो ते म्हणूनच.

ऑल्टमन आणि त्यांचे सहलेखक फ्रँक बारहाइट यांनी माणसांचे असेच गठ्ठे बांधले. बावीस पात्रं बहुतेक जोड्यांमध्ये येतात आणि प्रत्येक जोडीला स्वतःचं घर आहे. डॉक्टर आणि त्याची चित्रकार पत्नी डोंगरउतारावरच्या काचेच्या घरात राहतात. वेट्रेस डोरीन आणि तिचा दारुडा ड्रायव्हर नवरा अर्ल यांचं घर म्हणजे ट्रेलर. जलतरण तलाव साफ करणाऱ्या जेरीची बायको लहान मुलाचं लंगोट बदलता बदलता फोनवरून परक्या पुरुषांशी चाळवणारं बोलून घर चालवते. हे दृश्य एकदा पाहिलं की ते कुटुंब तीन तासांत पुन्हा चुकत नाही. प्रेक्षकाला बावीस नावं लक्षात ठेवावी लागत नाहीत, नऊ-दहा घरं पुरतात. शिवाय जॅक लेमन, लिली टॉमलिन, टॉम वेट्स, ज्युलियन मूर, टिम रॉबिन्स असे सहज ओळखू येणारे चेहरे निवडलेले आहेत. बरेच प्रेक्षक पात्रांची नावं शेवटपर्यंत सांगू शकत नाहीत, पण त्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

दुसरी युक्ती म्हणजे सगळ्या घरांना एकाच वेळी स्पर्श करणारी एखादी गोष्ट. सिनेमाच्या सुरुवातीला रात्रीच्या आकाशात हेलिकॉप्टरं येतात आणि फळमाशी मारण्यासाठी शहरावर औषध फवारतात. ही कल्पना हवेतली नाही. लॉस एंजेलिसच्या परिसरावर १९८९-९० मध्ये खरोखरच मॅलॅथिऑनची हवाई फवारणी झाली होती आणि नागरिक त्यावर संतापले होते. सिनेमात फवारणी चालू असताना टीव्हीवर एक निवेदक त्याच विषयावर बोलतो आहे. कॅमेरा एका घरातून दुसऱ्या घरात जातो, पण आवाज तोच राहतो. दहा मिनिटांत प्रेक्षकाच्या मनात नकाशा तयार होतो: घरं वेगळी, डोक्यावरचं आभाळ एक. जॅझ गायिका टेस आणि तिची चेलोवादक मुलगी झोई यांचं संगीतही असंच दुसऱ्यांच्या दृश्यांवर पसरत जातं.

गोफ विणणाऱ्याला दिसत नाही

या सिनेमाचं खरं यंत्र समजून घ्यायला कोकणातला किंवा गोव्यातला गोफ डोळ्यांसमोर आणावा. वर एका जागी बांधलेल्या रंगीत दोऱ्या, प्रत्येक नाचणाऱ्याच्या हातात एक. नाचणारा आपली पावलं सांभाळतो, शेजाऱ्याच्या वरून आणि खालून जातो. त्याला दिसते ती आपली दोरी आणि समोरून येणारा गडी. विणलेला गोफ दिसतो तो बाहेर उभ्या असलेल्याला. ‘शॉर्ट कट्स’मधली प्रत्येक व्यक्ती अशी एकच दोरी हातात धरून आहे, आणि बाहेर उभा आहे तो प्रेक्षक.

वेट्रेस डोरीनचाच धागा पाहा. तिच्या गाडीची धडक केसी नावाच्या मुलाला बसते. दुसऱ्या दिवशी त्याचा वाढदिवस आहे. मुलगा उठून उभा राहतो. अनोळखी माणसांच्या गाडीत बसायचं नाही हे त्याला शिकवलेलं, म्हणून तिने देऊ केलेली मदत नाकारून तो चालत घरी जातो. डोरीन सुटकेचा निःश्वास टाकते. थोडक्यात वाचलो, नाहीतर सगळं आयुष्य बदललं असतं, असं नवऱ्याला सांगते. इकडे घरी गेलेला मुलगा झोपतो, बेशुद्ध होतो आणि पुढे रुग्णालयात दगावतो. डोरीनला हे कधीच कळत नाही. सिनेमा तिला सांगत नाही, आणि पोलिस, पत्र, फोन यांपैकी कुणालाही तिच्यापर्यंत पाठवत नाही.

आता बेकरीवाला. केसीच्या आईने वाढदिवसाचा केक सांगितला होता. केक तयार झाला, न्यायला कुणी आलं नाही. बेकरीवाला चिडून घरी फोन करू लागतो, टोमणे मारू लागतो. पहिल्या फोनला थोडं हसू येतं. पैसे बुडाल्यावर असं चिडणारा दुकानदार सगळ्यांनीच पाहिलेला असतो. पण दर फोनच्या मधल्या काळात प्रेक्षक रुग्णालयात जाऊन आलेला आहे. बेकरीवाल्याचे शब्द तेच राहतात, सूरही तोच, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा येतो. इथे बदललं ते फक्त प्रेक्षकाला माहीत असलेलं.

या सगळ्या प्रकाराची किल्ली तिथे आहे. कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला नाही, याचं वाटप लेखक-दिग्दर्शक मोठ्या काटेकोरपणे करतात. प्रेक्षकाला थोडं जास्त कळलं की हसू येतं. आणखी कळलं की तेच हसू घशात अडकतं.

फोटोंची अदलाबदल

मरणाच्या छायेत हसू का येतं याचं एक चांगलं उत्तर पीटर मॅकग्रॉ आणि केलब वॉरन या अमेरिकन संशोधकांनी २०१० मध्ये मांडलं. एखादी गोष्ट आपल्याला एकाच वेळी ‘चुकीची’ आणि ‘धोका नसलेली’ वाटली तर हसू फुटतं, असं त्यांचं म्हणणं. नुसती चुकीची असेल तर राग किंवा किळस येते. नुसती निर्धोक असेल तर कंटाळा. गुदगुल्यांचा प्रकार असाच आहे: हल्ला आहे, पण आपल्या माणसाने केलेला.

‘शॉर्ट कट्स’मधला फोटोच्या दुकानातला प्रसंग या विचाराशी तंतोतंत जुळतो. तीन मित्र मासेमारीला गेलेले असतात. नदीत त्यांना एका तरुणीचं प्रेत सापडतं. पोलिसांना कळवायचं तर सहल मोडेल, म्हणून ते मासेमारी चालू ठेवतात, आणि त्यांच्यातला एकजण, गॉर्डन, प्रेताचे फोटो काढतो. दुसऱ्या टोकाला बिल नावाचा तरुण मेकअपचं शिक्षण घेतो आहे. सराव म्हणून तो बायकोच्या चेहऱ्यावर मारहाणीच्या खोट्या जखमा रंगवतो आणि तिचे फोटो काढतो.

दोन्ही रोल एकाच दुकानात धुवायला जातात, आणि गॉर्डन व बिलची बायको पाकिटं न्यायला येतात तेव्हा त्यांची अदलाबदल होते. गॉर्डन समोर पाहतो तर मार खाऊन निपचित पडलेली बाई. बिलची बायको पाहते तर पाण्यातलं प्रेत. दोघंही हादरतात, पाकिटं परत करतात, एक शब्द न बोलता आपापल्या गाडीकडे निघतात आणि जाता जाता एकमेकांच्या गाडीचा नंबर पाठ करतात. प्रत्येकाची खात्री, की समोरचा खुनी आहे.

प्रेक्षक इथे मोकळेपणी हसतो, कारण दोन्ही संशय खोटे आहेत हे त्याला ठाऊक आहे. पण खऱ्या मेलेल्या बाईचे फोटो सहलीच्या फोटोंसारखे धुऊन आणणारा माणूस निर्दोष म्हणायचा का? हसू ओसरल्यावर हा प्रश्न उरतो. गंमत आणि गुन्हा एकाच पाकिटात ठेवण्याचं कौशल्य ऑल्टमन यांच्याकडे होतं, आणि या एका दृश्यासाठीसुद्धा हा सिनेमा पाहावा.

चौकट: ‘शॉर्ट कट्स’विषयी
अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर (मृत्यू १९८८) यांच्या नऊ कथा आणि एक कविता हा सिनेमाचा पाया. या कथा एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या होत्या. पात्रांना शेजारी, बहिणी, गिऱ्हाईक किंवा एकाच अपघाताचे वाटेकरी बनवलं ते पटकथेने. टेस आणि झोई ही मायलेकींची जोडी कार्व्हर यांच्या कथांत नाही. १९९३ च्या व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह ‘शॉर्ट कट्स’ आणि क्षिश्तॉफ किश्लोव्स्की यांच्या ‘थ्री कलर्स: ब्लू’ यांना विभागून मिळाला. ऑल्टमन यांनी त्याआधी ‘नॅशव्हिल’ (१९७५) मध्ये चोवीस पात्रांचा असाच पट मांडला होता.

योगायोगाचं गणित

बावीस माणसांच्या गटात दोघादोघांच्या जोड्या किती? बावीस गुणिले एकवीस भागिले दोन, म्हणजे २३१. माणसं बावीसच दिसतात, त्यामुळे संबंध जुळण्याच्या शक्यताही तेवढ्याच असतील असं मन धरून चालतं. प्रत्यक्षात त्या दहापट असतात. वर्गातल्या २३ मुलांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, हे गणित ऐकून पहिल्यांदा प्रत्येकाला धक्का बसतो. कारण तेच. आपण माणसं मोजतो, जोड्या मोजत नाही.

शहर म्हणजे तर लाखो माणसं. मिलग्रॅम यांनीच १९६० च्या दशकात आणखी एक प्रयोग केला. अमेरिकेतल्या काही लोकांना त्यांनी सांगितलं की बॉस्टनजवळच्या एका शेअर दलालापर्यंत हे टपाल पोचवा, पण फक्त ज्याला प्रत्यक्ष ओळखता अशाच माणसामार्फत. जेफ्री ट्रॅव्हर्स यांच्याबरोबर १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २९६ जणांपासून सुरुवात झाली आणि ६४ टपालं पोचली. म्हणजे बहुतेक साखळ्या मध्येच तुटल्या, हे लक्षात ठेवायला हवं. पण ज्या पोचल्या त्यांत मधली माणसं सरासरी पाचच्या आसपास होती.

इतक्या कमी हातांत हे कसं जमतं, याचा उलगडा डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ मध्ये गणिताने केला. बहुतेक माणसांच्या ओळखी आपल्या गल्लीत, नात्यात, कचेरीत अडकलेल्या असतात. अशा घट्ट घोळक्यांमध्ये दूरवर जाणारे अगदी थोडे धागे टाकले, तरी सगळं जाळं अचानक आटोपशीर होतं.

पटकथेत हे दूरचे धागे कोण असतात? इथे लेखकांची हुशारी दिसते. ‘शॉर्ट कट्स’मधल्या पात्रांचे व्यवसाय पाहा: तलाव साफ करणारा, वेट्रेस, भाड्याच्या आलिशान गाडीचा ड्रायव्हर, गस्तीवरचा पोलिस, वाढदिवसांना जाणारी विदूषक, डॉक्टर, बेकरीवाला. ही सगळी माणसं कामानिमित्त परक्यांच्या घरात, गाडीत किंवा दुःखात शिरतात. श्रीमंताच्या अंगणात तलाव साफ करणारा जेरी रोज दोन वेगळ्या जगांत वावरतो. त्यामुळे कथा एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेली तरी ती ओढून नेल्यासारखी वाटत नाही. मुंबईत हे काम घरकाम करणाऱ्या मावशी, रिक्षावाले, कुरिअरची पोरं आणि डबेवाले करतात. ‘द लंचबॉक्स’ (२०१३) मध्ये एकच डबा चुकीच्या टेबलावर जातो आणि दोन अनोळखी आयुष्यं जोडली जातात.

अशा सिनेमांना ‘हायपरलिंक सिनेमा’ हे नाव ॲलिसा क्वार्ट यांनी २००५ मध्ये ‘फिल्म कॉमेंट’ या नियतकालिकात दिलं आणि समीक्षक रॉजर ईबर्ट यांच्यामुळे ते रुळलं. प्रकार मात्र नावापेक्षा पुष्कळ जुना आहे. १९३२ च्या ‘ग्रँड हॉटेल’मध्ये एकाच हॉटेलात उतरलेल्यांची आयुष्यं अशीच गुंतली होती.

चेन्नईत पडलेला टीव्ही

पटकथालेखक एक नियम मानतात: योगायोगाने पात्र संकटात पडलं तर चालतं, संकटातून सुटलं तर प्रेक्षक फसवल्यासारखा चिडतो. त्यागराजन कुमारराजा यांचा तमिळ सिनेमा ‘सुपर डिलक्स’ (२०१९) हा नियम डोळ्यांदेखत मोडतो आणि तरीही प्रेक्षकाला आपल्या बाजूला ठेवतो. (पुढच्या परिच्छेदात त्याचा एक महत्त्वाचा प्रसंग उघड होतो. ज्यांना सिनेमा कोरा पाहायचा असेल त्यांनी तो परिच्छेद वगळावा.)

एका विवाहितेच्या घरी तिचा जुना प्रियकर अचानक मरतो. नवरा परततो, आणि दोघांना मिळून प्रेत फ्रिजमध्ये लपवावं लागतं. हे प्रकरण बर्लिन नावाच्या पोलिस उपनिरीक्षकाला कळतं आणि तो त्याचा किळसवाणा फायदा उठवू पाहतो. दुसरीकडे चोरून अश्लील सिनेमा बघायला जमलेल्या मुलांच्या हातून घरचा टीव्ही फुटलेला असतो आणि त्या एका टीव्हीपायी त्यांची दिवसभर वणवण चाललेली असते. शेवटी तो टीव्ही वरून पडतो, तो थेट बर्लिनच्या डोक्यावर. खालच्या जोडप्यासाठी हा चमत्कार. वरच्या मुलांसाठी ती फेकून दिलेली अडगळ.

हा शेवट फसवा का वाटत नाही? कारण टीव्ही आभाळातून आलेला नाही. तो का फुटला, मुलं का धास्तावली, हे सगळं प्रेक्षकाने दोन तास पाहिलेलं आहे. कारणांची साखळी पूर्ण आहे, फक्त ती दोन घरांत वाटलेली आहे. शिवाय त्याच सिनेमात २००४ च्या त्सुनामीत येशूच्या पुतळ्याला धरून वाचलेला आणि तेव्हापासून कट्टर श्रद्धाळू झालेला एक बाप आहे. ज्याला कारणाचं एकच टोक दिसतं तो त्याला चमत्कार म्हणतो, हा विचार कुमारराजा यांनी दोन्हीकडे खेळवला आहे. याच सिनेमात सात वर्षांनी घरी परतणाऱ्या पारलिंगी शिल्पाच्या भूमिकेसाठी विजय सेतुपती यांना सहायक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. तिचं आणि तिच्या लहान मुलाचं नातं हा सिनेमाचा सर्वांत हळवा भाग आहे.

मुंबई, गणपतीचे दिवस

राज आणि डीके या दिग्दर्शक जोडीचा ‘शोर इन द सिटी’ (२०११) मराठी प्रेक्षकाला अधिक जवळचा वाटेल. लॉस एंजेलिसमध्ये जे काम फवारणीची हेलिकॉप्टरं करतात ते इथे गणेशोत्सव करतो. सगळ्या कथा त्याच दिवसांत घडतात, त्यामुळे मंडप, मिरवणुका आणि आवाज प्रत्येक घरात आपोआप पोचतात.

बेस्टसेलरच्या चोरट्या प्रती छापून विकणारा तिलक आणि त्याचे दोन मित्र एका लेखकाचं अपहरण करतात, ते त्याच्या नव्या हस्तलिखितासाठी! पुढे लोकलमध्ये त्यांना एक बॅग सापडते आणि आत बंदुका आणि बॉम्ब निघतात. परदेशातून परतून धंदा सुरू करू पाहणाऱ्या अभयकडे स्थानिक गुंड संरक्षणाच्या नावाखाली पैसे मागतात. एका तरुण क्रिकेटपटूला संघात निवड हवी असेल तर लाच द्यावी लागणार आहे. राधिका आपटे आणि गिरिजा ओक या दोन मराठी अभिनेत्री इथे आहेत. राधिका आपटेची सपना नवऱ्याहून जास्त शिकलेली निघते, आणि आयुष्यभर पुस्तकं विकलेला तिलक पहिल्यांदाच एक पुस्तक अडखळत वाचू लागतो, हे सगळ्या गोंधळात पाहून बरं वाटतं.

रचनेच्या दृष्टीने हा सिनेमा ‘शॉर्ट कट्स’पेक्षा सैल आहे. कथा शेवटापर्यंत बऱ्यापैकी आपापल्या वाटेने जातात. पण मुंबईचं एक वैशिष्ट्य त्यात नेमकं पकडलं आहे. लॉस एंजेलिसमध्ये अनोळखी माणसं गाड्या एकमेकांवर आदळल्या की भेटतात. मुंबईत ती आधीच एकमेकांना खेटून उभी असतात, आणि बेवारस बॅग कुणाच्या हाती लागेल हे केवळ कोण कुठे उभं आहे यावर ठरतं.

कुठे फसतं

सगळेच असे सिनेमे जमत नाहीत. पॉल हॅगिस यांच्या ‘क्रॅश’ला २००६ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. गाव पुन्हा लॉस एंजेलिस. त्यात एक पोलिस रात्री तपासणीच्या नावाखाली एका स्त्रीचा विनयभंग करतो आणि दुसऱ्या दिवशी जळणाऱ्या गाडीतून त्याच स्त्रीला वाचवतो. प्रसंग थरारक आहे. पण इतक्या मोठ्या शहरात नेमकी तीच दोघं का, याचं उत्तर ‘लेखकाला धडा शिकवायचा आहे’ याखेरीज सापडत नाही. योगायोग प्रेक्षकाच्या हाती न सोपवता त्याचा निकालही सिनेमानेच सांगून टाकला, की धागे ओढल्याचं जाणवतं.

‘शॉर्ट कट्स’चा शेवट याच्याशी ताडून पाहावा. सहलीला गेलेला जेरी रागाच्या एका झटक्यात एका मुलीला दगडाने मारतो आणि त्याच क्षणी भूकंप होतो. बातम्यांत सांगतात की भूकंपात एका मुलीचा बळी गेला, दरड कोसळून. खून झाला होता हे शहरात जवळजवळ कुणालाच कळत नाही. सिनेमा त्यावर एक शब्दही बोलत नाही. माहिती प्रेक्षकापाशी सोडून तो संपतो.

हे तिन्ही सिनेमे पाहायचे असतील तर ‘शोर इन द सिटी’पासून सुरुवात करावी, मग ‘सुपर डिलक्स’ आणि शेवटी ‘शॉर्ट कट्स’. नंतरचे दोन्ही केवळ प्रौढांसाठी आहेत आणि दोन्ही तीन तासांच्या घरातले, तेव्हा सलग वेळ काढून बसावं. ‘शॉर्ट कट्स’ दुसऱ्यांदा पाहताना बाकी सगळं सोडून फक्त डोरीनवर लक्ष ठेवावं आणि प्रत्येक प्रसंगात तिला किती माहीत आहे ते पाहावं. पटकथा लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा सराव एकदा तरी करावाच.